न पेरलेल्या भाजीचे ऋण

महाभारताच्या वनपर्वात यक्षाने युधिष्ठिराला जे प्रश्न विचारले, त्यांत सुखी कोण, असा एक प्रश्न आहे. धर्मराजाचे उत्तर फार साधे आहे. ज्याच्या डोक्यावर ऋण नाही, ज्याला घर सोडून परमुलखात राहावे लागत नाही आणि जो उशिरा का होईना, आपल्या घरी पालेभाजी शिजवून खातो, तो सुखी, असे तो सांगतो. राज्य गमावून बारा वर्षे रानोमाळ हिंडलेल्या माणसाच्या तोंडचे हे उत्तर आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे त्यातील एकेक अट अनुभवाने तोलून घातलेली आहे हे पटते. बदलीच्या नोकरीत असलेल्या आमच्यासारख्या मराठी माणसाने हे उत्तर वाचले, की त्याची स्थिती मात्र थोडी चमत्कारिक होते. तीन अटींपैकी पालेभाजीची अट तेवढी आम्हांला पाळता येते. घर न सोडण्याची अट नेमणुकीचा हुकूम हाती पडला त्याच दिवशी मोडली. आणि ऋणाविषयी बोलायचे तर निरनिराळ्या अग्रिमांचे हप्ते पगारपत्रकात दरमहा छापूनच येतात.

परंतु पगारपत्रकातील कर्जाचा विचार येथे करावयाचा नाही. ज्या पालेभाजीने धर्मराजाचा गृहस्थ सुखी होतो, त्या भाजीतच एक ऋण दडलेले असते आणि ते कोणाच्या खात्यावर मांडावे हे सहजी उमगत नाही, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे. त्या ऋणाचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

आमचे बिऱ्हाड चेन्नईच्या बेझंटनगर भागातील सरकारी वसाहतीत तळमजल्यावर आहे. मागे पंधरा-वीस हात लांबीचे परस आहे. समुद्र जवळ असल्यामुळे जमीन रेताड. उन्हाळ्यात तीवर गवताची काडीही तग धरीत नाही. देशावर आणि कोकणात रानभाज्यांचे दिवस म्हणजे आषाढ-श्रावण. येथे मुख्य पाऊस ईशान्येकडून येतो, तो ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत. वर्षाकाठी सुमारे चौदाशे मिलिमीटर पाऊस या शहरात पडतो, त्यातील निम्म्याहून अधिक या तीन महिन्यांतला. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास, आपल्याकडे रान पिवळे पडू लागते तेव्हा, येथील परसात श्रावण अवतरतो. दोन-चार सरी पडल्या की आठ-पंधरा दिवसांत कोणी न पेरलेले असे कितीतरी मातीतून वर येते, आणि आमची दोन मुले, थोरला नऊ वर्षांचा आणि धाकटी सहा वर्षांची, रविवारी सकाळी परडी घेऊन ते खुडावयास निघतात. आम्ही उभयताही त्यांच्याबरोबर असतो.

खुडण्यासारखे पुष्कळ असते. मांसल पानांची, जमिनीला चिकटून पसरणारी आपली घोळ येथे परुप्पुक्कीरै या नावाने नांदते. तमिळमध्ये कीरै म्हणजे पालेभाजी आणि परुप्पु म्हणजे डाळ. आपल्याकडेही घोळ डाळ घालून करतात. तेव्हा नाव परके असले तरी चव ओळखीची निघते. रानमाठाला येथे कुप्पैक्कीरै म्हणतात. कुप्पै म्हणजे केरकचरा. उकिरड्यावर उगवते म्हणून हे नाव. कुंपणावर चढणाऱ्या कपाळफोडीला मुडक्कत्तान म्हणतात. आखडलेले सांधे मोकळे करणारी, असा त्या नावाचा अर्थ सांगतात आणि तिची पाने तांदळाबरोबर वाटून डोसे घालतात. तिच्या फुग्यासारख्या फळात काळे बी असते व त्यावर पत्त्यांतल्या बदामासारखा पांढरा ठिपका असतो. मुलांना पानांपेक्षा या बियांचे अप्रूप अधिक. उन्हाळ्यात मेल्यासारखी दिसणारी आणि पावसात मुळापासून पुन्हा फुटणारी पुनर्नवा येथे मूक्किरट्टै होते.

अशाच एका रविवारी धाकटीने विचारले, "हे कोणी लावले?" आम्ही म्हणालो, "कोणी नाही. आपले आपण उगवले." त्यावर तिने लगेच विचारले, "मग घेण्याआधी विचारायचे कोणाला?" शेजाऱ्यांच्या जास्वंदीचे फूल विचारल्यावाचून तोडायचे नाही, हे आम्हीच तिला शिकवले होते. त्या शिस्तीतून निघालेला हा सरळ प्रश्न होता. कायद्याने पाहू गेल्यास जमीन भारत सरकारची आणि आम्ही केवळ भोगवटादार. घोळ खुडण्याच्या परवानगीसाठी कोणत्या विभागाकडे अर्ज करावा हे मात्र कोणत्याही नियमपुस्तिकेत दिलेले नाही. अर्थात मुलीचा प्रश्न कायद्याचा नव्हता. जे कोणीच पेरले नाही ते घेताना आपण कोणाचे काही लागतो का, एवढाच तिचा प्रश्न होता. आणि विचार करू लागल्यावर तो आम्हांला वाटला त्याहून अवघड निघाला.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या आजीपणजीने आचारात घालून ठेवले आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रातील पुष्कळ घरांतून ऋषीची भाजी होते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा नियम आहे. नांगराखाली न आलेल्या जमिनीतले, हाताने लावलेले किंवा आपोआप उगवलेले, तेवढेच त्या भाजीत चालते. वर्षातील तीनशे चौसष्ट दिवस आपण दुसऱ्या जिवाच्या मानेवर जू ठेवून जेवतो, ही जाणीव एका दिवसाच्या पथ्याने जागी ठेवण्याची ही रीत आम्हांला थोर वाटते. या रीतीच्या दृष्टीने न पेरलेली भाजी ही सर्वांत निर्दोष भाजी होय. तिच्यापायी कोणाची पाठ सोलवटली नाही. म्हणजे कोणाचे ऋण नाही. तेव्हा विचारायचेही कोणाला नाही.

दुसरे उत्तर दूरदेशचे आहे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या राज्यशासनावरील आपल्या ग्रंथात मालकीचा उगम शोधताना अगदी हाच दाखला घेतला आहे. रानातील ओकवृक्षाखाली पडलेली फळे एखाद्याने वेचून खाल्ली, तर ती त्याची केव्हा झाली, असे तो विचारतो. त्याचे म्हणणे असे की वेचण्याचे श्रम त्या माणसाचे आहेत; ज्या क्षणी श्रम मिसळले त्या क्षणी ती फळे त्याची झाली आणि त्यासाठी साऱ्या मानवजातीची संमती घेत बसण्याचे कारण नाही. मात्र इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले मागे उरले पाहिजे, आणि नासाडी होईल इतके घेता कामा नये, अशा मर्यादाही तो घालतो. या न्यायाने आमच्या मुलीने वाकून खुडलेली घोळ मुलीची झाली.

ही दोन्ही उत्तरे दिसावयास परस्परांहून फार भिन्न आहेत. एक श्रम नाहीत म्हणून निर्दोष ठरवते, दुसरे श्रम आहेत म्हणून मालकी देते. तथापि दोघांच्याही हिशेबात एक रक्कम राहून गेली आहे, असे आम्हांला वाटते. बैलाचे श्रम मोजले, वेचणाऱ्या हाताचे श्रम मोजले. पण वेचावे काय, हे जाणण्यासाठी जे श्रम पडले असतील ते कोणी मोजले नाहीत. लॉकच्या माणसाला ओकची फळे खाता येतात हे आधीच ठाऊक आहे. ते त्याला कोणी सांगितले?

ही शंका काल्पनिक नाही, हे आमच्या परसातील एका रोपावरून सांगता येईल. मोरीच्या बाजूला, ओलसर कोपऱ्यात, हातभर उंचीचे एक झुडूप उगवते. फुले पांढरी, इवलीशी, वांग्याच्या फुलांच्या घाटाची. फळे मिऱ्याएवढी, आधी हिरवी व पिकल्यावर काळी. मराठीत त्याला कामोनी म्हणतात. युरोपातील पुष्कळ पुस्तकांतून त्याची गणना विषारी वनस्पतींत केलेली आहे, आणि हिरव्या कच्च्या फळांपुरता तो इशारा योग्यच आहे. येथे तमिळनाडूत मात्र तेच झुडूप मणत्तक्काळी या नावाने घरोघर मान्यता पावलेले आहे. तोंड आले की त्याचा पाला शिजवून देतात. फळे ताकमिठात मुरवून, वाळवून वर्षभर ठेवतात आणि कुळंबूत घालतात. एकच झुडूप एका मुलखात विष आणि दुसऱ्या मुलखात पथ्य ठरते, याचे कारण झुडपात नाही. ते माणसांत आहे. कोणता भाग घ्यायचा, केव्हा घ्यायचा, किती शिजवायचा हे येथील माणसांना ठाऊक आहे. हे ठाऊक होण्यासाठी केव्हातरी, कोणीतरी, काय होईल याची शाश्वती नसताना ते पान तोंडात घातले असले पाहिजे. त्यातील काही जण आजारी पडले असतील, काही वाचले नसतील. निरोगी राहिलेल्यांनी जे लक्षात ठेवले, ते आज आमच्या ताटात आहे.

आम्हांला हे सारे ज्यांच्याकडून कळले त्या बाई आमच्या वसाहतीत झाडलोटीचे काम करतात. वयाने सत्तरीकडे झुकलेल्या आहेत. मुले त्यांना पाट्टी, म्हणजे आजी, म्हणतात आणि त्या मुलांना कण्णा म्हणून हाक मारतात. परसात काय उगवले आहे हे आमच्या मोडक्या तमिळात विचारावे आणि त्यांनी पान चुरगाळून, हुंगून, नाव सांगून पुढे जावे, असा परिपाठ पडून गेला आहे. एकदा मुलांनी भरलेली परडी त्यांना मोठ्या अभिमानाने दाखवली. वर कुप्पैक्कीरै होती. ती पाहून पाट्टी म्हणाल्या, "आमच्याकडे तांदूळ नसेल त्या दिवशी आई ही शिजवायची. मी नातवंडांना करून घालीत नाही. त्यांच्यासाठी बाजारातून कोबी आणते." बोलण्यात तक्रार नव्हती आणि आम्हांला काही सुनवावे असाही हेतू नव्हता. त्यांनी आपली वस्तुस्थिती सांगितली.

त्या एका वाक्याने आमच्या रविवारच्या छंदाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. ज्ञान कष्टाने मिळते हे खरे. परंतु या विशिष्ट ज्ञानाचा कष्ट म्हणजे बहुतेक वेळा भूक होय. पोट भरलेला माणूस उकिरड्यावरचा पाला चाखून पाहत नाही. १८७६ ते १८७८ या काळात जो महादुष्काळ पडला, त्यात मद्रास इलाखा होरपळला तसाच आपल्याकडील सोलापूर, नगर, साताऱ्याचा मुलूखही होरपळला. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असे ठरवून मजुरी कापली. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉक्टर कॉर्निश यांनी एवढ्यावर कष्ट करणारे शरीर तगणार नाही, असे कळवून विरोध केला. त्या एक पौंडाचे तक्ते आमच्यासारख्याच कोणा कारकुनाने वळणदार अक्षरात लिहून काढले असतील. एक पौंडात जे भागत नव्हते ते माणसांनी रानात शोधले. १९७२च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढलेली माणसे आपल्या घरांतून अजून आहेत. त्यांच्यापाशी बसून विचारले तर कोणत्या पाल्याने कोणते दिवस निभावून नेले, हे ती सांगतात. रानभाज्यांची यादी म्हणून आज आपण जी कौतुकाने वाचतो, तिच्यातील पुष्कळ नावांमागे असे दिवस आहेत.

म्हणून ऋण आहे, हे आम्ही मान्य करतो. आता ते फेडायचे कसे, हा पुढचा प्रश्न. ऋण फेडण्याची पहिली पायरी म्हणजे धनको कोण हे नाव घेऊन सांगणे. या बाबतीत एक जुना दाखला स्मरणात ठेवण्याजोगा आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवरील आपला बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या वर्षांत ॲम्स्टरडॅम येथे छापविला. त्यातील माहिती इट्टी अच्युतन नावाच्या एका मलयाळी वैद्याने पुरविली होती, आणि ग्रंथाच्या पहिल्या खंडात त्याचे नाव व त्याची साक्ष छापलेली आहे. त्याच खंडात रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मणांची साक्षही नागरी लिपीत आहे. व्हान ऱ्हीड हा परका अधिकारी होता, व्यापारी कंपनीचा नोकर होता; त्याच्या कंपनीची सत्ता काही दयाधर्मावर उभी नव्हती. तरीही जे आपण दुसऱ्याकडून शिकलो ते दुसऱ्याच्या नावावर मांडावे, एवढी सचोटी त्या ग्रंथात दिसते. परप्रांतात अधिकारावर जाणाऱ्या माणसाने त्याच्याकडून निदान एवढे शिकावे.

नाव घेतल्याने सर्व फिटले असे मात्र नव्हे. केरळातील अगस्त्यमलै डोंगरांत १९८७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांचे एक पथक हिंडत होते. बरोबर कणी जमातीचे वाटाडे होते. चढणीवर शास्त्रज्ञ थकून गेले. वाटाडे अधूनमधून कसलीशी बारीक फळे तोंडात टाकीत आणि ताजेतवाने राहत. ते काय आहे हे सांगावयास वाटाडे प्रथम तयार नव्हते. पुष्कळ आर्जवानंतर त्यांनी ती वनस्पती दाखवली. ती आरोग्यपच्चा होय. पुढे त्रिवेंद्रमजवळील पालोडे येथील संशोधनसंस्थेने तिच्यापासून जीवनी नावाचे औषध तयार केले, १९९५ साली ते बनविण्याचा परवाना दिला आणि मिळणाऱ्या रकमेतील निम्मा वाटा कणी लोकांना देण्याचे ठरवले. त्यासाठी १९९७ साली त्यांचा एक न्यास स्थापन झाला. या वाटणीवरूनही वाद झाले. गुपित दोघा-तिघांनी सांगितले, पण ते साऱ्या जमातीचे होते. मग सांगण्याचा अधिकार कोणाचा, असा तो वाद होता. पुढे २००२ साली संसदेने जैविक विविधता अधिनियम केला आणि त्याखाली २००३ साली जे राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झाले त्याचे मुख्य कार्यालय आमच्या या चेन्नईतच आहे. वनस्पतींचा आणि त्यांविषयीच्या लोकज्ञानाचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने लाभाचा वाटा द्यावा, आणि गावोगावी लोकांना ठाऊक असलेल्या वनस्पतींची नोंदवही ठेवावी, ही त्या कायद्याची कलमे आहेत. म्हणजे जाणण्याचे श्रम मोजले पाहिजेत ही गोष्ट राज्यकर्त्यांनाही पटली आहे. परंतु कायद्याला जिथे व्यापार असतो तिथेच ऋण दिसते. रविवारी परडीभर भाजी खुडणाऱ्या कुटुंबाला कोणतेही कलम लागू होत नाही. तेथे माणसाने आपले कलम आपणच लिहायचे असते.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. हे ज्ञान कोणा एकाचे नाही. ते भाषेसारखे सर्वांचे आहे. शब्द वापरताना आपण कोणाला दाम देतो का? आक्षेप वजनदार आहे, पण त्यातील उपमेनेच त्याचे उत्तर दिले आहे. भाषेचेही ऋण असतेच. परप्रांतात मुलांना मराठी शिकवण्यासाठी आपण जी धडपड करतो, ती भाषा फुकट मिळते म्हणून नव्हे. ज्यांनी ती आपल्याला दिली त्यांना ती परत करता येत नाही, म्हणून आपण ती पुढे देतो. पाला ओळखण्याच्या विद्येचेही तसेच आहे. पाट्टींची नातवंडे ती विद्या टाकीत आहेत, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. ज्या पाल्यावर गरिबीचा शिक्का आहे तो आपल्या मुलांच्या ताटात नको, असे वाटण्यात स्वाभिमान आहे. ती टाकीत असताना आमची मुले ती उचलीत आहेत. तेव्हा निदान उचलणाऱ्याने ती कोणाच्या हातून पडली हे विसरू नये.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पगारदार माणसाने फुकटची भाजी खुडावी कशाला? जुन्या करारातील लेवीय या ग्रंथात शेतकऱ्याला आज्ञा आहे की पीक कापताना शेताचे कानेकोपरे सोडावेत आणि गळलेली कणसे वेचू नयेत. ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत. आम्ही येथे परके आहोत खरे, पण महिन्याच्या अखेरीस ज्याचे वेतन बँकेत जमा होते तो त्या आज्ञेतील परका नव्हे. म्हणून आमच्या घरी एक नियम केला आहे. कुंपणाच्या आत जे उगवते तेवढेच खुडायचे. वसाहतीबाहेरच्या मोकळ्या जागेतून, जेथे सकाळी काही बाया पाला तोडून बाजारात जुड्या विकतात, तेथून काडीही आणायची नाही. आणि डोक्यावर पाटी घेऊन कीरै विकणारी बाई दारावर आली, तर परसात कितीही उगवलेले असो, तिच्याकडून एक जुडी घ्यायची.

पाट्टींच्या ऋणाचे काय, हे सांगितले पाहिजे. शिकवण्याबद्दल पैसे त्यांनी घेतले नाहीत. पण एकदा त्यांनी कागदांची एक पिशवी आणून आमच्या पुढ्यात ठेवली. वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनासाठी केलेला त्यांचा अर्ज एका कचेरीतून दोनदा परत आला होता. एका कागदावर नावाचे एक रूप, दुसऱ्यावर दुसरे, आणि दोन्हींत वयाचा फरक. आमच्या धंद्यात या त्रुटी रोजच्याच. पाहताक्षणीच कोणता कागद जोडावा आणि कोणते प्रतिज्ञापत्र करावे हे आम्हांला कळले. पुढे काम झाले. त्या पिशवीतील कागद आम्ही चाळत असताना त्या ज्या नजरेने पाहत होत्या, त्याच नजरेने आम्ही परसात त्यांच्या हातातील पाल्याकडे पाहत असू. मराठीत झाडाच्या आणि वहीच्या पानाला शब्द एकच आहे. पाट्टींच्या दृष्टीने कागदांचे ते रान होते, आणि त्यातील कोणते पान उपकारक व कोणते घातक हे ओळखणारा कोणी वाटाड्या त्यांना आजवर भेटला नव्हता. या एका कामाने आमचे ऋण फिटले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्याला जे रान ठाऊक आहे त्याने त्यातून दुसऱ्याला वाट दाखवावी, हा हिशेब आम्हांला रुपयांच्या हिशेबापेक्षा बरा वाटतो. सरकारी नोकरीतील प्रत्येक माणसापाशी एवढे धन असतेच.

मुलांच्या बाबतीत जबाबदारी आणखी कडक आहे. खाण्याजोगे ओळखायला शिकवणे म्हणजे न खाण्याजोगे ओळखायला शिकवणे. लालभडक, काळ्या ठिपक्याची गुंज दिसायला मण्यासारखी. तिचे बी चावले गेले तर ते प्राणघातक ठरू शकते. देवाला वाहायची कण्हेर, पिवळी असो की तांबडी, मुळापासून फुलापर्यंत विषारी. म्हणून नियम असा की तीन बाबतींत खात्री झाल्यावाचून पान परडीत टाकायचे नाही: डोळ्यांनी ओळखले, जाणत्याने होय म्हटले, आणि घरी शिजल्यावर मोठ्यांनी आधी खाल्ले. कच्चे काहीही तोंडात घालायचे नाही. मोरीचे पाणी जिथे झिरपते तिथले घ्यायचे नाही. कामोनीसुद्धा तेथली पाहायची, खुडायची कुंडीतली. २०१५च्या डिसेंबरात या शहरात पूर आला तसे पाणी परसात शिरले, तर ती माती धुऊन निघेपर्यंत तो हंगाम सोडून द्यायचा. पुनर्नवेचे शेंडे घ्यायचे, मूळ ठेवायचे.

हे नियम पाळताना मुले एक गोष्ट शिकतात, आणि ती आम्हांला भाजीहून मोलाची वाटते. जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणायला ती शिकतात. थोरला मुलगा एखादे पान बराच वेळ न्याहाळतो आणि खाली ठेवून म्हणतो, "हे पाट्टींना विचारू." धाकटीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे, असे आम्हांला कळून चुकले. विचारणे या आपल्या शब्दाला दोन अर्थ आहेत. परवानगी मागणे हा एक, आणि माहिती मागणे हा दुसरा. न पेरलेल्या भाजीच्या बाबतीत हे दोन अर्थ एकच होतात. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारायचे. त्याने ओळख करून दिली म्हणजेच घेण्याचा अधिकार मिळाला, आणि त्याचबरोबर ऋणही मागे लागले.

मग धर्मराजाच्या अटींत आम्ही बसतो काय? ऋणमुक्त नाही, हे उघड आहे. आणि या प्रकारच्या ऋणातून कोणी मुक्त होऊ नये, असेच आमचे मत झाले आहे. परमुलखात असण्याविषयी मात्र थोडे निराळे म्हणता येईल. ज्या जमिनीवर काय उगवते, त्यातील काय खावे, आणि ते आपल्याला कोणी सांगितले, हे माणसाला ठाऊक झाले, ती जमीन त्याला पूर्वीइतकी परकी राहत नाही. आमच्या मुलांना श्रावणातला पाऊस पुस्तकातून ठाऊक आहे, पण कार्तिकातल्या पावसाची भाजी त्यांना हाताने ठाऊक आहे. जन्मगावच्या ओढीची जागा ती घेऊ शकणार नाही, आणि घ्यावी अशी अपेक्षाही नाही.

बदली झाली की निवासस्थानाचा ताबा देताना पंखे, दिवे, नळ यांची यादी करून तीवर सही करावी लागते. परसात काय उगवते यासाठी त्या यादीत रकाना नाही, आणि उन्हाळ्यात ताबा घेणाऱ्याला तेथे नुसती रेती दिसेल. आम्ही असे ठरवले आहे की तो दिवस येईल तेव्हा नव्या बिऱ्हाडकरूंना मुलांसह परसात न्यावे, कोणत्या कोपऱ्यात पावसानंतर काय उगवेल ते दाखवावे, त्याची मराठी व तमिळ नावे सांगावीत, आणि ही माहिती ज्यांनी दिली त्या पाट्टींशी त्यांची गाठ घालून द्यावी. ते कोणत्या प्रांताचे असतील कोण जाणे. त्यांच्या भाषेत घोळीला आणखी कोणते नाव असेल ते आमची मुले त्यांना विचारून घेतील.